फिरता पेनड्राइव्ह, घरचा पेनड्राइव्ह: व्हायरस घरी न आणता फाइलींची ने-आण कशी करायची

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. जून महिना होता. बाहेर झड लागलेली, दारात छत्र्यांचा ढीग. एका शाळेचे लिपिक आले, खिशातून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाले, "ह्यातली निकालपत्रकं तेवढी काढून द्या, लीगल साइजवर." मी पेनड्राइव्ह दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला. 'पाचवी अ'पासून 'दहावी क'पर्यंत सगळे फोल्डर ओळीत दिसत होते. पण प्रत्येक पिवळ्या फोल्डरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारका बाण होता, आणि साइजच्या रकान्यात सगळीकडे २ केबी.

"सर, हे फोल्डर नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत कसे? शाळेत रोज उघडतंय की!"

उघडत होतं हे खरंच होतं, आणि घोळ तिथंच होता. पेनड्राइव्ह १६ जीबीचा. गुणधर्म (प्रॉपर्टीज) उघडून दाखवले तर त्यातले नऊ जीबी भरलेले, आणि समोर दिसणाऱ्या सगळ्या वस्तूंची बेरीज ५० केबीसुद्धा होत नव्हती. मग उरलेलं सामान कुठं बसलं होतं? ते तिथंच होतं, फक्त लपवलेलं. दिसत होते ते शॉर्टकट, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या नुसत्या पाट्या. त्यांवर डबल क्लिक केलं की आधी गुपचूप व्हायरस चालायचा आणि मग खरा फोल्डर उघडून द्यायचा. काम अडत नव्हतं, त्यामुळे शाळेतल्या कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

निकालपत्रकं सगळी मिळाली. जाताना सर म्हणाले, "हे सगळं एकदा लिहून द्या बघू, शाळेत लावतो." लिहायला बसलो तर एका कागदात मावेना.

हे येतं कुठून

पेनड्राइव्ह स्वतः आजारी पडत नाही. तो जिथं लावला गेला तिथलं घेऊन येतो. हे फ्लॉपीच्या काळापासून चालत आलंय. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस फ्लॉपीवरूनच जगभर फिरला, तेव्हा इंटरनेट कुणाच्या घरी नव्हतं.

पुढे विंडोजमध्ये ऑटोरन नावाची सोय आली. सीडी घातली की कार्यक्रम आपोआप सुरू. सोय आपल्यासाठी होती, पण फायदा व्हायरसवाल्यांनी उचलला. पेनड्राइव्हमध्ये 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाची छोटी फाइल ठेवली की पुढचं काम विंडोजच करायचं. २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉनफिकरने तर कमाल केली. पेनड्राइव्ह लावल्यावर येणाऱ्या छोट्या खिडकीत 'फोल्डर उघडून फाइली पाहा' अशा अर्थाची ओळ दोनदा दिसायची. वरची व्हायरसची, खालची विंडोजची. चित्र तेच, शब्द तेच, आणि घाईत माणूस वरचीच दाबणार.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही आपोआप चालण्याची सोय बंद केली. फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टा या जुन्या विंडोजलाही तसाच अपडेट दिला. म्हणजे आज बहुतेक वेळा व्हायरसला चालू व्हायला तुमच्या बोटाची गरज लागते. शॉर्टकट, फोल्डरचं चित्र लावलेला प्रोग्रॅम, फोटोच्या नावाची भलतीच फाइल हे सगळे डाव तुमच्याकडून एक डबल क्लिक मिळवण्यासाठी असतात.

'बहुतेक वेळा' म्हटलं, कारण याला अपवाद झालेले आहेत. जून २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस, ज्याने इराणमधल्या नतांझच्या अणुप्रकल्पावर हल्ला केला, पेनड्राइव्हमधून शिरायचा आणि त्याला क्लिकचीही गरज नव्हती. विंडोजने त्या शॉर्टकटचं नुसतं चित्र दाखवलं की झालं. ते भोक ऑगस्ट २०१० च्या अपडेटने बुजवलं. ज्यांनी अपडेट घेतला नाही त्यांच्याकडे ते तसंच उघडं राहिलं. त्यामुळे "आमच्या कॉम्प्युटरला नेटच नाही, व्हायरस कुठून येणार?" असं कुणी म्हटलं की मला नतांझ आठवतं. तिथंही नेट जोडलेलं नव्हतं.

पहिलं काम: दोन पेनड्राइव्ह

बाकीचं काही जमलं नाही तरी एवढं करा. एक पेनड्राइव्ह घरचा आणि एक फिरता. घरचा फक्त तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला लागेल. फिरता झेरॉक्सच्या दुकानात, फ्लेक्सवाल्याकडे, तहसीलला, झेडपीत, पाहुण्यांच्या टीव्हीला, कुठंही लागू दे. दोघांची अदलाबदल करायची नाही. एका वेळेला "असू दे की, पाचच मिनिटं" म्हटलंत की दोन्ही फिरते झाले.

ओळख पटावी म्हणून फिरत्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. मार्करने लिहिलेलं आठवड्यात पुसतं, नेलपॉलिश टिकतं. घरच्याला खूण-बिण काही नको, तो कपाटातच राहणार आहे.

फिरत्यावर एका वेळी एका कामापुरतंच ठेवायचं. पत्रिका छापायची आहे तर पत्रिकेची पीडीएफ, बास. माझ्याकडे लोक येतात ते अख्खा संसार घेऊन: मुलीचे दाखले, बँकेचं पासबुक स्कॅन केलेलं, सातबारा, आधार, तीन वर्षांचे फोटो. एक पान छापायला आलेला माणूस मला नको तेवढं दाखवून जातो. मी बघत नाही, पण प्रत्येक दुकानदार मीच असेन असं नाही.

पेनड्राइव्ह घेताना एक सांगतो. तीनशे रुपयांत दोन टीबीचा मिळतोय म्हणून घेऊ नका. असल्यांच्या आत खरी जागा थोडीच असते, वर मात्र दोन टीबी दिसतील अशी करामत केलेली असते. जागा संपली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला उरतात. ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन, साधा ३२ किंवा ६४ जीबीचा घ्या.

कॉम्प्युटरमध्ये एकदाच करून ठेवायचं

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, त्यात ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात ऑटोप्ले. वरचं बटण बंद करा. खाली रिमूव्हेबल ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड अशा दोन ओळी आहेत, तिथं 'टेक नो ॲक्शन' निवडा. आता पेनड्राइव्ह लावला की काहीच उघडणार नाही. तेच आपल्याला हवंय.

मग फाइल एक्सप्लोरर उघडा. व्ह्यू, त्यात शो, आणि तिथं 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आणि 'हिडन आयटम्स' या दोन्हींवर टिक करा. विंडोज मुळात फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळे 'वरात डॉट जेपीजी डॉट ईएक्सई' ही फाइल तुम्हाला नुसती 'वरात डॉट जेपीजी' दिसते, आणि वर फोटोचं चित्र लावलेलं असेल तर भले भले फसतात. शेपूट दिसायला लागलं की निम्मे डाव तिथंच उघडे पडतात.

शॉर्टकटचं शेपूट मात्र ही टिक करूनही दिसत नाही. ते विंडोज कायमच लपवतं. म्हणून व्ह्यूमध्ये मोठी चित्रं न ठेवता 'डिटेल्स' ठेवा आणि टाइपचा रकाना बघायची सवय लावा. फोल्डर असेल तिथं 'फाइल फोल्डर' लिहिलेलं असतं, शॉर्टकट असेल तिथं 'शॉर्टकट'. लिपिक सरांना हा रकाना मी तीनदा दाखवला. त्यांच्या शाळेत सगळे मोठी चित्रं ठेवूनच काम करत होते.

अपडेट चालू ठेवा. एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट, २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. यातलं जुनं विंडोज असलेली मशिनं शाळांत आणि दुकानांत अजून चालतात, माझ्याकडेही एक आहे. ती ठेवायची तर त्यांवर बँक नाही, मेल नाही, आणि त्यांतून आलेला पेनड्राइव्ह म्हणजे बाहेरून आलेला पेनड्राइव्ह.

अँटीव्हायरस कुठला, हा प्रश्न रोज येतो. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरगुती कामाला पुरतो, फक्त तो चालू आणि ताजा हवा. विकत घ्यायचाच तर कुठलाही नावाजलेला घ्या. क्विक हील अँटीव्हायरसचे संस्थापक कैलाश काटकर आपल्या जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले, म्हणून आमच्याकडे त्याच्याविषयी जरा जास्तच आपुलकी आहे; तो माझा पक्षपात समजून सोडून द्या. फक्त दोन अँटीव्हायरस एका कॉम्प्युटरवर घालू नका, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी करत नाही: रोजच्या कामाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं ठेवू नका. साधं खातं वेगळं काढा. मग व्हायरस चालला तरी विंडोजच्या आतल्या भागात हात घालताना त्याला पासवर्ड विचारला जातो, आणि तुम्ही काही न करता पासवर्ड मागणारी खिडकी आली की काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला कळतं.

लावताना, दर वेळी

पेनड्राइव्ह लावा आणि थांबा. 'धिस पीसी'मध्ये त्याचं चित्र दिसेल. त्यावर डबल क्लिक करायच्या आधी उजवं बटण दाबा आणि 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' निवडा. विंडोज ११ मध्ये ही ओळ कधी कधी 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत असते. कॉम्प्युटरचं फुल स्कॅन केलं म्हणजे पेनड्राइव्हही तपासला गेला असं समजू नका. तो वेगळाच तपासावा लागतो.

स्कॅन चालू असताना चहा घ्या. खरंच सांगतोय, लोक स्कॅनची पट्टी अर्ध्यावर असतानाच फाइल उघडतात.

स्कॅन निर्धोक आला तरी डोळे उघडे ठेवा, कारण आज सकाळी तयार झालेला व्हायरस अँटीव्हायरसला ठाऊक असेलच असं नाही. बघायचं काय? टाइपच्या रकान्यात शॉर्टकट आहे का. तुम्ही न ठेवलेली एखादी फाइल आहे का. फोल्डरच्या नावाचा पण ईएक्सई शेपटाचा प्रोग्रॅम आहे का. अशा ढोंगी फोल्डरांचा आकार बऱ्याचदा एकसारखाच असतो. नावच नसलेला एखादा फोल्डर आहे का. काही व्हायरस तुमचं सगळं सामान उचलून अशा बिननावी फोल्डरात कोंबतात. आणि भरलेली जागा दिसणाऱ्या फाइलींशी जुळते का. हा शेवटचा हिशेब दहा सेकंदांत होतो.

शंका आली की शॉर्टकटवर डबल क्लिक नाही. उजवं बटण, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट'ची ओळ वाचा. खऱ्या शॉर्टकटमध्ये तिथं फाइलचा पत्ता असतो. व्हायरसच्या शॉर्टकटमध्ये सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट, पॉवरशेल, रनडीएलएल किंवा एमएसआयएक्झेक असं काहीतरी सापडतं; हे विंडोजचेच प्रोग्रॅम, व्हायरस त्यांच्याकडून काम करून घेतो. २०२१ मध्ये पहिल्यांदा नजरेत आलेला 'रास्पबेरी रॉबिन' नावाचा किडा याच वाटेने येतो: पेनड्राइव्हमध्ये एक शॉर्टकट, आणि तो दाबला की एमएसआयएक्झेकला हाताशी धरून नेटवरून उरलेला माल ओढून घेतो. म्हणजे ही युक्ती जुनी झाली असं समजायचं कारण नाही.

एक्सएलएस, डॉक, पीपीटी अशा फाइलींबद्दल वेगळं सांगायला हवं. नेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक न दिसणारी खूण लावतं, म्हणून वर्ड किंवा एक्सेल ती उघडताना पिवळी पट्टी दाखवून सांभाळून उघडतं. ती खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले असतात, त्यावर फाइल टाकली की खूण गळून पडते. त्यामुळे मेलवरून आलेली संशयास्पद एक्सेल शीट पेनड्राइव्हवरून तुमच्याकडे आली की पिवळी पट्टी न येता गुमान उघडते. मॅक्रो (शीटच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) चालू करायला सांगणारी कुठलीही शीट पेनड्राइव्हवरून आली असेल, मग ती पगारपत्रकाची का असेना, देणाऱ्याला फोन करून विचारा. बऱ्याचदा त्यालाच ते ठाऊक नसतं.

काढताना खालच्या कोपऱ्यातल्या चित्रावरून 'इजेक्ट' करून काढा. त्याचा व्हायरसशी संबंध नाही. लिहिणं अर्धवट राहून फाइल खराब होते, आणि मग लोक त्यालाच व्हायरस म्हणतात.

दुकानात जाताना

दुकानदार म्हणून लिहितोय, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका: झेरॉक्सचं दुकान म्हणजे पेनड्राइव्हांचा एसटी स्टँड. कोरेगाव, मेढा, पाटण, वाई, सगळीकडचे येतात आणि एकाच फलाटावर लागतात. लग्नसराईत दिवसाला चाळीस-पन्नास. माझ्याकडे त्यासाठी वेगळा कॉम्प्युटर आहे, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं आहे. विंडोजचे व्हायरस तिथं चालत नाहीत, नुसते पडून दिसतात. पण सगळीकडे तसं असेल असं धरू नका.

शक्य असेल तर पेनड्राइव्ह नेऊच नका. पीडीएफ करून मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा, छापून झाल्यावर दुकानदाराला डोळ्यांसमोर डिलीट करायला लावा. मोठी फाइल असेल, म्हणजे कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये केलेली फ्लेक्सची फाइल किंवा अल्बमची पानं, तर मग फिरता पेनड्राइव्ह. दुकानातून परतल्यावर त्यावरचं काही परत घ्यायचं नाही. मूळ फाइल तुमच्या घरी आहेच. पेनड्राइव्ह लावा, स्कॅन करा, फॉरमॅट करा, ठेवून द्या. दुकानदाराने काही दुरुस्त्या करून दिल्या असतील तर तेवढी एक फाइल, तीही नाव-टाइप बघून.

लग्नाचे फोटोग्राफर मेमरी कार्ड आणतात. एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक सरकती कळ असते, लॉकची. ती खाली केली की रीडर कार्डावर लिहू देत नाही, फक्त वाचतो. एका फोटोग्राफरच्या कार्डाची कळ झिजून पडली होती. त्या खाचेवर त्याने इन्शुलेशन टेपचा तुकडा लावला होता, म्हणजे कार्डावर लिहिता यावं. मी त्याला म्हटलं, "भाऊ, शूटिंगला टेप राहू दे, माझ्याकडे येताना काढून ये." कळ जिथं असते ती खाच रिकामी असली की बहुतेक रीडर कार्ड लॉकच समजतात. पण हे शेवटी रीडरच्या मर्जीवर असतं, त्यामुळे लॉक आहे म्हणून गाफील राहायचं नाही.

डीटीपीवाल्यांसाठी थोडं खरमरीत. फुकटचा कोरल, फुकटचे फॉन्ट, 'चावी'चा प्रोग्रॅम (पैसे न भरता सॉफ्टवेअर उघडून देणारा) असं सगळं एका पेनड्राइव्हवर दुकानादुकानांतून फिरतं. आणि त्यासोबत एक सूचना फिरते: "आधी अँटीव्हायरस बंद करा." कुठलाही प्रोग्रॅम कुलूप काढून ठेवायला सांगत असेल तर तो चोर आहे की नाही यावर वाद घालायची गरज नाही.

सीडी-डीव्हीडी अजून गेलेली नाही

लोकांना वाटतं सीडी संपली. मग एमआरआयची सीडी कशी येते? सीसीटीव्हीचं फुटेज डीव्हीडीवर येतं, जुन्या लग्नाच्या कॅसेटी डीव्हीडीवर करून मिळतात. आणि २०११ पर्यंतचे ते ऑटोरनचे निर्बंध आले ते पेनड्राइव्हसारख्या वस्तूंसाठी. सीडी-डीव्हीडीला ते लागू नव्हते. म्हणून ऑटोप्ले बंद करायला वर सांगितलं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सेटिंग बदलता येत नसेल तर डिस्क आत जाऊन फिरायला लागेपर्यंत शिफ्ट बटण दाबून धरा.

तपासणी केंद्रांच्या सीडीत चित्रांबरोबर ती बघायचा छोटा प्रोग्रॅमही असतो आणि सीडी घातली की तोच चालू होऊ पाहतो. तो चांगल्या हेतूनेच दिलेला असतो. पण ती सीडी ज्या मशिनवर लिहिली ते मशिन स्वच्छ होतं का, हे तुम्हाला कसं कळणार? डायकॉम चित्रं (एमआरआयसारख्या तपासण्यांची चित्रं ज्या प्रकारात असतात ती) उघडणारा प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर वेगळा घालून त्यातून चित्रं बघावीत, सीडीतला चालवू नये. डॉक्टरांना दाखवायची असेल तर सीडी तशीच द्या.

सीडीत एक चांगलं आहे. एकदा लिहून बंद केलेल्या सीडी-आरवर पुढचा कुठलाही व्हायरस काही लिहू शकत नाही. महत्त्वाची कागदपत्रं कुठे द्यायची असतील तर ७०० एमबीत बसत असल्यास मी अजून सीडीच देतो. ती दहा ठिकाणी लागली तरी जशी गेली तशीच येते. पण याचीच दुसरी बाजू म्हणजे लिहितानाच व्हायरस आत गेला असेल तर तो पुसताही येत नाही. तशी सीडी मोडून टाकायची.

कंपनीची छापील सीडी म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की नक्कल रोखणारा प्रोग्रॅम आत शिरून स्वतःला लपवून ठेवायचा. त्याच्या आडोशाला इतर व्हायरसही लपायला लागले. शेवटी कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या.

सापडलेला पेनड्राइव्ह

एसटीत, पार्किंगमध्ये, वर्गात सापडलेला पेनड्राइव्ह कुणाचा आहे हे बघायला म्हणून लावायचा नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संशोधकांनी आवारात मुद्दाम २९७ पेनड्राइव्ह टाकून ठेवले होते. २०१६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: ९८ टक्के उचलले गेले आणि ४५ टक्क्यांमधल्या फाइली कुणीतरी उघडल्या. बऱ्याच जणांचा हेतू मालकाला परत द्यायचा हाच होता. आपल्याकडे वेगळं होईल असं मला वाटत नाही.

पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू पेनड्राइव्ह असेलच असंही नाही. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी 'बॅडयूएसबी' दाखवलं: पेनड्राइव्हच्या आतली चिप नव्याने लिहिली की तो कॉम्प्युटरला म्हणतो, "मी कीबोर्ड आहे." आणि मग स्वतःच भराभर आज्ञा टाइप करतो. इथं स्कॅनचा काही उपयोग नाही, फॉरमॅटचाही नाही, कारण घोळ फाइलींत नसून चिपमध्ये असतो. पेनड्राइव्ह लावल्यावर एखादी काळी खिडकी चमकून गेली, आपोआप अक्षरं उमटली, तर तो लगेच ओढून काढा, नेट बंद करा. साताऱ्यात मी असला एकही पाहिलेला नाही, पण 'यूएसबी किलर' नावाची वस्तू तर उघड विकली जाते, ती लावली की पोर्टमध्ये जास्त दाबाची वीज सोडून मदरबोर्डच जाळते. बेवारस वस्तू लावायची नाही, एवढ्यात हे सगळं आलं. ती शाळेच्या ऑफिसात, डेपोत, जिथली तिथं जमा करा.

लागलाच, तर

लोक सगळ्यात आधी फॉरमॅट मारतात. तेच करू नका. शॉर्टकट व्हायरसमध्ये फाइली जात नाहीत, लपतात. फॉरमॅटने मात्र जातात.

१. पेनड्राइव्ह काढा आणि ज्याची खात्री आहे अशा कॉम्प्युटरला लावा. स्कॅन करा, जे सापडेल ते काढायला सांगा. इतक्यावर शॉर्टकट उघडेनासे होतात आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, सामान आहे.

२. एक्सप्लोररमध्ये तीन टिंबं, ऑप्शन्स, व्ह्यू, आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' यावरची टिक काढा. विंडोज दटावेल, हो म्हणा. आता खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. बिननावी फोल्डर असेल तर त्याच्या आत बघा.

३. तुमच्या ओळखीच्या फाइली कॉम्प्युटरवर नव्या फोल्डरात कॉपी करा. शॉर्टकट आणि अनोळखी फाइली घेऊ नका.

४. फोल्डर फिकटच राहिले आणि गुणधर्मातली 'हिडन'ची टिक निघत नसेल, तर स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा. पुढची ओळ मी फोनवर अशीच सांगतो, इंग्रजीत टाइप करायची: ए, टी, टी, आर, आय, बी. स्पेस. वजा एच. स्पेस. वजा आर. स्पेस. वजा एस. स्पेस. तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि एस. स्पेस. तिरकी रेघ आणि डी. स्पेस. पेनड्राइव्हचं अक्षर, समजा ई. कोलन. उलटी तिरकी रेघ (एंटरच्या वरची). चांदणी, टिंब, चांदणी. एंटर. अक्षर नीट बघा. ई ऐवजी सी टाकलं तर ही आज्ञा विंडोजच्याच डिस्कवर फिरायला लागेल.

५. कॉपी केलेल्या फाइली उघडून बघा. सगळ्या आहेत याची खात्री झाली की मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. आणि मघाशी काढलेली टिक परत लावा.

हे झालं पेनड्राइव्हचं. पण त्याला लागण जिथून झाली तो कॉम्प्युटर तसाच असेल तर उद्या पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्या शाळेत हेच झालं. दोन दिवसांनी सर परत आले, परत तेच बाण. मग मी त्यांना रिकामा, फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह दिला, त्यात एकच फोल्डर. म्हटलं, शाळेतल्या एकेका कॉम्प्युटरला लावा, मिनिटभर थांबा, बघा. फोल्डरचा शॉर्टकट झाला की ते मशिन आजारी. पुढच्या मशिनला लावण्याआधी पेनड्राइव्ह परत रिकामा करायचा, नाहीतर तुम्हीच वाटत फिराल. सहापैकी दोन निघाले, एक ऑफिसातला आणि एक प्रयोगशाळेतला.

आजारी मशिनचं नेट काढा. विंडोज सिक्युरिटी उघडून, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथं 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर फुल स्कॅन. तरीही रिकाम्या पेनड्राइव्हची चाचणी फसली तर फार झटापट करू नका. कामाच्या फाइली काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. त्या मशिनवरून बँकेचं काम झालं असेल तर पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून बदला. खात्यातून पैसे गेलेत असं दिसलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, सोमवारची वाट बघू नका.

शाळा किंवा ऑफिसात दहा-बारा मशिनं असतील तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेला 'यूएसबी प्रतिरोध' हा प्रोग्रॅम आहे. कुठले पेनड्राइव्ह चालतील हे त्यातून ठरवता येतं, बाकीच्यांना तो शिरू देत नाही.

जुना पेनड्राइव्ह टाकताना

पेनड्राइव्ह ही साठवणीची जागा नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्यातला डेटा आपोआपही जाऊ शकतो. महत्त्वाच्या फाइली कॉम्प्युटरवर आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी, हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा.

आणि फिरता पेनड्राइव्ह खराब झाला, चालेना, म्हणून भंगारात किंवा मुलांना खेळायला देऊ नका. क्विक फॉरमॅटने फाइली पुसल्या जात नाहीत, फक्त त्यांची यादी पुसली जाते, आणि परत काढून देणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. बंद पडलेल्या पेनड्राइव्हमधली चिपही कुणी काढून वाचू शकतो. कवच उघडा, आत नखाएवढी काळी चौकोनी चिप दिसेल, ती पकडीत धरून मोडा.